पेणचा मॅनिफोल्ड

हैबतराव शेडग्यांनी आयुष्यात स्वतः निवडलेली वस्तू एकच होती, आणि ती पेणला त्यांच्या घरासमोर धूर सोडत उभी असायची. नोकरी वडिलांनी चिकटवली, बायको मामांनी पाहिली, घराचा रंग बायकोने ठरवला, आणि दाढीचा साबण दुकानदार देईल तो. जीप मात्र त्यांची त्यांनी निवडली. डिझेलवर चालणारी, टर्बोवाली, सात माणसं बसणारी. घेताना सेकंडहँड होती, घरी येऊन कागद नीट वाचल्यावर थर्डहँड निघाली, पण तोपर्यंत हार घालून झाला होता. आळीत तिला 'बंब' म्हणत. आपण ते मनावर घेत नाही, असं हैबतराव सांगत, आणि सांगताना त्यांचे कान लाल होत.

तर या बंबाला खोकला झाला. सकाळी चालू केली की बॉनेटखालून टिकटिक, टिकटिक, जरा तापली की टिकटिक बंद आणि धुराचा वास थेट गाडीच्या आत. चढ आला की तिचा दम जायचा. मागून येणारी दूधवाल्याची मोटारसायकल हॉर्न न देता पुढे निघून जायची, आणि हॉर्न दिला नाही याचंच हैबतरावांना जास्त लागायचं. आता माणूस दुर्लक्ष करतो, काही दिवस जातात, सगळंच चालून जातं. पण नेमका याच सुमाराला त्यांच्या लेकीचा, दिशाचा, साखरपुडा ठरला, आणि तोही रोह्याला, मुलाकडच्यांच्या घरी.

रोह्याला हैबतरावांचा साडू राहतो, हिरामण. बायकोच्या, म्हणजे रंभाबाईंच्या, थोरल्या बहिणीचा नवरा. तिथल्या एका केमिकल कंपनीत सुपरवायझर, बोलणं गोड, आणि गाडी अशी नवी कोरी की दार उघडं राहिलं तर बाईच्या आवाजात समजावून सांगते. हे स्थळही त्यानेच सुचवलेलं, त्यामुळे सध्या त्याच्या शब्दाला वजन होतं. बैठकीनंतर चहा पिताना तो म्हणाला की आपल्या ओळखीचा एक भंगारवाला आहे, भाव चांगला देतो, साखरपुड्याच्या दिवशी जीप रोह्यापर्यंत धड आली तर ठीक, नाहीतर जिथे बंद पडेल तिथूनच उचलायला सांगू. सगळे हसले. हैबतराव पण हसले. मग त्यांनी बघितलं तर रंभाबाई हसत नव्हत्या, विचार करत होत्या.

घरी आल्यावर निकाल लागला. रंभाबाईंचे पापड पेणात नावाजलेले, त्या पापडांच्या कमाईतून त्यांनी एक पाकीट काढून हैबतरावांच्या हातात दिलं. यात गाडी नीट होत असेल तर करा, म्हणाल्या, वर एक पैसा मागायचा नाही, साखरपुड्याचा खर्च समोर आहे. आणि नाही झाली, तर हिरामणभाऊजी म्हणतात तसं करायचं. रंभाबाई एकदा बोलल्या की त्यात बदल होत नाही, हे त्यांच्या पापडाच्या गिऱ्हाइकांनाही माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी हैबतराव जीप घेऊन गडबला गेले. तिथे हायवेला निलेशचं गॅरेज. निलेशने बॉनेट उघडलं, कान लावला, बोट फिरवलं, काळं झालेलं बोट हैबतरावांना दाखवलं आणि सांगितलं, "काका, मॅनिफोल्ड फुटलाय."

हैबतराव म्हणाले, अच्छा. मॅनिफोल्ड म्हणजे काय हे विचारायला त्यांना लाज वाटली, पण निलेशला सवय होती. त्याने सांगितलं की इंजिनाच्या चार तोंडांतून पेटता धूर निघतो, तो गोळा करून टर्बोच्या तोंडात नेऊन सोडायचा, हे काम या चार फाट्यांच्या लोखंडाचं. त्याच धुराच्या जोरावर टर्बो फिरतो आणि गाडी चढ चढते. इथे चीर पडली की धूर मध्येच पळतो, टर्बो उपाशी राहतो. वेल्डिंग करता येईल, पण हे ओतीव बीड, पुन्हा तडकणार. नवा टाका, म्हणाला. मग त्याने कंपनीच्या अस्सल मॅनिफोल्डची किंमत सांगितली. हैबतराव जवळच्या टायरवर बसले.

"बाहेरचा घ्या की काका," निलेश म्हणाला. "कंपनीचाच पाहिजे असं काय नाय. पण निवडून घ्या. काय काय लोक नुसतं दिसायला मॅनिफोल्ड बनवतात."

निवडून घ्या. हे शब्द कानावर पडताच हैबतरावांच्या पाठीचा कणा ताठ झाला. फुटका मॅनिफोल्ड सोडवून कापडी पिशवीत घालून ते एसटीने पेणला आले. पिशवी इतकी जड की कंडक्टरने आत काय आहे विचारलं, आणि उत्तर ऐकून सामानाचं तिकीट फाडावं की नाही याच्यावर पेण येईपर्यंत विचार केला. शेवटी त्याने फाडलं.

संध्याकाळी आळीत बातमी पसरली. आपल्याकडे कुणाच्या घरी आजारी माणूस असला तर लोक संत्री घेऊन येतात, गाडी आजारी असली तर सल्ले घेऊन येतात. दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, स्टीलचा घ्या, स्टील गंजत नाही, घरातली भांडी बघा. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, बीडच घ्या, घावन कधी स्टीलच्या तव्यावर सुटतं का. एका रिटायर मास्तरांनी तर चीर बुजवायला शेण, मीठ आणि अंड्याचा बलक यांचं मिश्रण सांगितलं. त्यांनी स्वतः ते कशावर वापरलं होतं, हे विचारल्यावर मास्तर म्हणाले, मोरीवर. हैबतराव सगळ्यांचं ऐकून घेत होते. पाकीट त्यांच्या खिशात होतं, आणि पाकीट खिशात असलेल्या माणसाशी लोक किती आदराने बोलतात, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

स्टील पक्षाची सरशी झाली, कारण मोबाईलवर फोटो फार सुंदर होते. चकचकीत वळणदार नळ्या, चारी एका ठिकाणी येऊन मिळणाऱ्या. स्वस्त पण होता. हैबतरावांनी मागवला. पार्सल आलं, आळी जमली, खोका उघडला, आणि त्यातून तीन तोंडांचा मॅनिफोल्ड निघाला. इंजिनाला तोंडं चार. शिवाय पत्रा असा पातळ की दाबला तर आपण उगीच दाबला असं वाटावं. मास्तर म्हणाले, चौथं तोंड वेगळं मागवावं लागत असेल.

परत करायला गेले तर मोबाईल विचारू लागला, परत करण्याचं कारण निवडा. कारणं दिलेली: माप लहान, माप मोठं, रंग आवडला नाही, मन बदललं. तोंड कमी आहे, असं कारण कुठेच नव्हतं. हैबतरावांनी खूप विचार करून 'रंग आवडला नाही' निवडलं. न्यायला आलेला माणूस म्हणाला, फोटोतला रंग आणि हा रंग सारखाच आहे, मी नेऊ शकत नाही. मग हैबतरावांनी 'मन बदललं' निवडलं. तेव्हा वेगळा माणूस आला, त्याने काही न विचारता खोका उचलला आणि पैसे परत आले. इतकं खोटं बोलल्यावर पैसे मिळाल्याचं हैबतरावांना वाईट वाटलं, पण फार वेळ नाही.

आता ठरलं की दुकानात जाऊन, हाताळून, जुन्याशी जुळवून घ्यायचा. पण ते जड धूड घेऊन दुकानं कशी फिरणार? इथे या गोष्टीत काळुराम आला.

काळुराम म्हणजे शेजारच्या आळीतला मूर्तिकार. पेणला मूर्तिकार काय गल्लोगल्ली आहेत, पण काळुरामच्या मते तो एकटाच आहे, बाकीचे रंगारी. त्याने मॅनिफोल्ड हातात घेऊन उलटासुलटा केला, एक डोळा मिटून बघितला आणि म्हणाला की याची हलकी प्रत करून देतो. साचा काढू, प्लास्टर ओतू, आत काथ्या, वरून लोखंडी रंग. पिशवीत घालून कुठेही न्या. पैसे नकोत, दिशाच्या साखरपुड्याला माझा आहेर समजा.

आणि खरंच, काय प्रत केली होती. लोखंडाचा काळपट करडा रंग, कडेला जराशी तांबूस गंजाची झाक. हैबतरावांनी उचलली आणि ती इतकी हलकी होती की हात कपाळाला लागला. आळीने बघितली, टाळ्या वाजवल्या. रंभाबाईसुद्धा ओट्यावर येऊन बघून गेल्या, आणि मखर केव्हा करणार असं विचारून आत गेल्या.

मग सुरू झाली हैबतरावांची भ्रमंती. नागोठणे झालं, कोलाड झालं, खांबला हायवेवर एक दुकान आहे म्हणून तिथे उतरले. प्रत्येक ठिकाणी ते पिशवीतून प्रत काढत, दुकानदार तिला हात लावून बघत, वा वा म्हणत, बायकोला आतून बोलावून दाखवत. मग खोकी उघडली जात. पहिली तीन तोंडं जुळत, चौथं जुळत नसे. बोटभर खाली. हैबतराव मान हलवत, खोकं बंद करायला सांगत आणि पुढच्या एसटीला हात करत. चांगली वस्तू घेणारा माणूस चिकित्सक असलाच पाहिजे, असं ते स्वतःला बजावत. खांबच्या दुकानदाराने मात्र विचारलं की काका, तुम्हाला मॅनिफोल्ड घ्यायचाय का नाकारायचाय?

शेवटी रोहा. तिथे साईराजचं स्पेअर पार्टचं दुकान. साईराजने तीन काढून ठेवले. एक चंदेरी रंग मारलेला झळझळीत, एक स्वस्तातला, आणि एक काळा, खडबडीत, कोल्हापूरकडच्या कुठल्याशा भट्टीत ओतलेला, दिसायला अगदीच दगड. हैबतरावांनी प्रत काढली. तिघांचंही चौथं तोंड खाली. त्यांनी मान हलवली, आणि तेवढ्यात मागून ओळखीचा गोड आवाज आला. कंपनीतून पहिली शिफ्ट सुटली होती आणि साडूभाऊ नेमके त्याच रस्त्याने घरी चालले होते.

हिरामणने प्रत हातात घेतली. टिचकी मारली. मग आणखी एक मारली, आणि रस्त्यावरच्या दोघातिघांना हाक मारून म्हणाला, या या, पेणचा मॅनिफोल्ड बघा, बुडवायचा दीड दिवसांनी की अकरा? अख्खं दुकान हसलं. साईराज तोंडावर फडकं धरून हसला. हिरामणने जाता जाता खांद्यावर हात ठेवून सांगितलं की भंगारवाल्याशी बोलणं झालंय, काळजी करू नका, साखरपुड्याच्या दिवशी घरच्यांना आणायला मी माझी गाडी पाठवतो.

परतीच्या एसटीत हैबतराव खिडकीशी बसून होते. अपमान त्यांनी पुष्कळ पचवले होते, ऑफिसात तर रोजचे. पण हा वेगळा होता. गाडी जाणार, हे दुःख होतंच. आपण आयुष्यात एक गोष्ट निवडली ती भंगार निघाली, आणि तिच्यासाठी दुसरी निवडायला गेलो ती जमत नाही, हे लेकीच्या सासरच्या दारात सगळ्यांसमोर सिद्ध होणार, याचं दुःख त्याहून मोठं होतं. रडू आलं नाही, पण डोळे डबडबले.

घरी येऊन त्यांनी प्रत ओट्यावर ठेवली आणि शेजारी तो जुना फुटका मॅनिफोल्ड ठेवला. बसून बघत राहिले. बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की जुन्याचं चौथं तोंडही खालीच आहे. ते चपला न घालता काळुरामच्या कारखान्यात गेले.

काळुराम एका गणपतीच्या भुवया काढत होता. त्याने हात न थांबवता कबूल केलं, आणि त्यात कबूल करण्यासारखं काही आहे असंही त्याला वाटत नव्हतं.

"चौथं तोंड झुकल्यालं व्हतं. नजरेला बरं नाय दिसत. मी उचलून घेतलं जरा."

"उचलून घेतलं?"

"चारी एका रेषेत आणली. आणि ती चीर पण बुजवली. हैबतराव, माझ्या हातून वाकडी वस्तू भायेर जात नाय."

हैबतरावांना कळेना की याच्यावर ओरडावं की याच्या पाया पडावं. पेण ते खांब, खांब ते रोहा, धडधाकट मॅनिफोल्ड त्यांनी नाकारले होते, कारण ते काळुरामच्या मॅनिफोल्डइतके देखणे नव्हते. जगात असा मॅनिफोल्ड एकच होता आणि तो प्लास्टरचा होता.

ते परत आले तेव्हा रंभाबाई अंगणातले पापड गोळा करत होत्या. ऊन जास्त झालेले पापड कडांनी वर उचलले होते. हैबतराव त्या पापडांकडे बघत उभेच राहिले. रंभाबाईंना वाटलं, खायचेत. पण त्यांनी पापड नाही घेतला. ओट्यावर जाऊन जुना मॅनिफोल्ड उचलला आणि घरातल्या गुळगुळीत फरशीवर पालथा ठेवला. तो डुगडुगला. एका कोपऱ्यावर बोट ठेवलं की दुसरा कोपरा वर. इतकी वर्षं आगीत राहून तोही कडांनी उचलला होता. म्हणजे प्रत तर खोटीच, पण अस्सलही खरा राहिला नव्हता. त्याच्याशी तंतोतंत जुळणारा आणला असता तरी वाकडाच आणला असता.

मग खरं कोण? हैबतराव फरशीवर मांडी घालून बसले आणि स्वतःच्याच डोक्यातून आलेल्या उत्तराने दचकले. खरं इंजिन. मॅनिफोल्ड ज्याच्यावर बसायचा त्याचंच माप घ्यायचं. नवऱ्याच्या बोटाचं माप नवऱ्याच्याच बोटावर घेतात, त्याच्या जुन्या अंगठीवरून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काळुरामला घेऊन गडबला पोचले. सोबत शाडूचा गोळा, लाकडी पाट आणि प्लास्टरची पिशवी. निलेशने ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि इंजिनाचा तो भाग पुसून लख्ख करून दिला. चार तोंडांत त्याने चिंध्या कोंबल्या, माती आत जाऊ नये म्हणून. कामाला हात घालण्याआधी हैबतरावांनी काळुरामला समोर उभं केलं आणि गंभीरपणे बजावलं.

"काळुराम, सुंदर करायचं नाही."

"बरं."

"जसं आहे तसं. वाकडं असेल तर वाकडं."

"बरं म्हटलं ना." पण त्याचा चेहरा पडला.

बॉनेटखाली वाकून गणपतीचा कारागीर इंजिनाला शाडू थापतोय, हे दृश्य हायवेवरून जाणाऱ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. रिक्षा थांबल्या. टेम्पो थांबला. काही बाया शेताकडे निघाल्या होत्या त्या थांबल्या आणि कुठला देव आहे गो, असं एकमेकींना विचारू लागल्या. एकीने चाकाजवळ दोन फुलं ठेवली. निलेशने मनाई केली नाही, गॅरेजला गर्दी चांगली. काळुराम घामाघूम झाला होता, कष्टाने नव्हे, संयमाने. इंजिनाच्या एका कडेला जुना ओरखडा होता तो शाडूत जसाच्या तसा उठला, आणि त्यावर नुसता अंगठा फिरवायला त्याचा हात तीनदा गेला आणि तीनदा हैबतरावांनी धरला. शेवटी त्या ठशात प्लास्टर ओतलं, सुकलं, आणि हैबतरावांच्या हातात इंजिनाचा खराखुरा चेहरा आला. चार तोंडं, बोल्टांच्या जागा, ओरखड्यासकट. दिसायला अत्यंत कुरूप. काळुराम त्याच्याकडे न बघता बिडी ओढायला निघून गेला. हे माझ्या हातचं आहे असं कुणाला सांगू नका, एवढंच म्हणाला.

त्याच दुपारी हैबतराव रोह्याला साईराजच्या दुकानात शिरले. कुणीतरी हिरामणला फोन केला असणार, कारण पाचच मिनिटांत तोही आला आणि स्टूल ओढून नाटकाला बसावं तसा बसला. हैबतरावांनी काही न बोलता तो ठसा काउंटरवर ठेवला आणि आधीचे तीन मॅनिफोल्ड मागितले.

पहिला चंदेरी झळझळीत. ठशावर ठेवला. तीन तोंडं बसली, चौथं हवेत, आणि बोटाने दाबलं तर फरशीवरच्या जुन्या मॅनिफोल्डसारखाच डुगडुगला. नवा असून वाकडा. हैबतरावांनी मोबाईलची बॅटरी लावून त्याच्या आत डोकावून बघितलं. एका बाजूची भिंत जाड, दुसऱ्या बाजूची वहीच्या पुठ्ठ्याएवढी, आणि जोडाची धार आत तशीच सोडलेली. हिरामण म्हणाला की तोच घ्या, दिसतो बघा कसा.

"दिसण्यावर जाऊन एकदा फसलोय, साडूभाऊ," हैबतराव म्हणाले, आणि तो बाजूला ठेवला.

दुसरा, स्वस्तातला. त्याची बोल्टांची भोकंच ठशावरच्या खुणांना चुकत होती. साईराज म्हणाला, जरा कानस मारली की बसेल. हैबतरावांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. असं बघायची त्यांना सवय नव्हती, पण जमलं.

तिसरा कुठे आहे? साईराज इकडेतिकडे बघू लागला, मग ओशाळून त्याने दुकानाच्या मागच्या दाराकडे बोट दाखवलं. तो काळा खडबडीत मॅनिफोल्ड दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावून ठेवला होता. तो दिसतो असा, त्याला कोण घेणार, साईराज म्हणाला. हैबतरावांनी स्वतः जाऊन तो उचलला, फुंकर मारून धूळ उडवली, बॅटरी लावून आत बघितलं. भिंत चारी बाजूंनी सारखी जाड. आतून जोड घासून गुळगुळीत केलेला, जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथे. जिथे नजर जाणार तिथे मात्र ओबडधोबड. ज्याने कुणी हा ओतला त्याला काळुरामने कामावर ठेवलं नसतं.

ठशावर ठेवला. तो बसला. हैबतरावांनी चारी कोपऱ्यांवर बोट दाबून बघितलं, हलला नाही. साईराजने बिलाचा कागद खाली सरकवून बघितला, कुठे शिरला नाही. हैबतरावांनी आवाज साधा ठेवला.

"हा द्या," ते म्हणाले.

हिरामण म्हणाला की दाराचा अडसर घेऊन चाललेत. हसला तो एकटाच. साईराजने दाराला लावलेल्या मालाचा म्हणून भाव उतरवला, आणि बरोबर सांध्यात घालायचं चांगलं पॅकिंग आणि नवे बोल्ट घेऊनही रंभाबाईंचं पाकीट पुरलं. उरलेल्यात हैबतरावांनी स्टँडवर एक वडापाव खाल्ला. इतका चविष्ट वडापाव रोह्याला त्यापूर्वी मिळाला नव्हता.

निलेशने मॅनिफोल्ड बसवला, बोल्ट आवळले आणि किल्ली हैबतरावांच्या हातात दिली. गाडी थंडगार होती, म्हणजे टिकटिक असती तर आत्ताच आली असती. त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं आणि मग एकसारखं घुमू लागलं. टिकटिक नाही. धुराचा वास नाही. हैबतराव स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत राहिले, आणि इंजिन का बंद करत नाही, डिझेल जळतंय, असं निलेशला चौथ्यांदा सांगावं लागलं. मग ते हसले, आणि हसताना डोळे पुसत होते.

साखरपुड्याच्या सकाळी हिरामणची गाडी खरोखर पेणच्या दारात येऊन उभी राहिली, स्वतः हिरामण चालवत. चकचकीत, थंडगार, आतून बाई बोलतेय. शेजारी बंब. सगळी आळी बघत होती की रंभाबाई कुठल्या गाडीत बसतात. रंभाबाई जरीच्या लुगड्यात, हातात साखरेच्या पुड्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या. एकदा हिरामणच्या गाडीकडे बघितलं, एकदा जीपकडे. जीपमध्ये हैबतराव इस्त्रीचा शर्ट घालून समोर बघत बसले होते, त्यांनी मान वळवली नाही, वळवायचा धीर झाला नाही. मग शेजारचं दार उघडलं आणि ताट आधी आत आलं, मागून रंभाबाई. दिशा आणि मावश्या मागे चढल्या. साडूभाऊंच्या गाडीत मास्तर आणि फळांच्या करंड्या बसल्या.

नागोठणं मागे पडलं आणि भिसे खिंड आली. याच चढाला बंबाचा दम जायचा. हैबतरावांनी गिअर बदलला आणि पाय दाबला. जीपने क्षणभर विचार केला, मग टर्बोची ती बारीक शीळ उठली, आणि सात माणसं, साखरेच्या पुड्या आणि मावश्यांचे डबे घेऊन ती चढू लागली. पुढे विटांचा एक ट्रक रांगत होता. हैबतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा चढावर हॉर्न दिला आणि ट्रकच्या पुढे निघून गेले. मागून दिशाने बाबा, हळू, असं म्हटलं. हे वाक्य कानावर पडावं म्हणून माणूस काय काय करायला तयार होतो.

रोह्याला मुलाकडच्यांच्या अंगणात जीप थांबली तेव्हा हिरामणची गाडी अजून मागेच होती. तो आला तेव्हा व्याही, म्हणजे मुलाचे वडील, जीपच्या बाजूला उभे राहून इंजिनाचा आवाज ऐकत होते आणि फार स्वच्छ चालतंय म्हणत होते. हिरामणला ते सहन झालं नाही. बघू, बसलाय तरी का नीट, असं म्हणत त्याने सगळ्यांसमोर बॉनेट उघडलं आणि दाराला लावलेल्या त्या दगडाच्या कडेवर बोट टेकवलं. आता भिसे खिंड चढून आलेला मॅनिफोल्ड किती तापलेला असतो, हे रोज बॉयलर सांभाळणाऱ्या सुपरवायझरला कळायला हवं होतं. पण त्या वेळी तो सुपरवायझर नव्हता, साडू होता.

साखरपुडा थाटात झाला. अंगठ्या घातल्या, पुडे दिले, पेढे वाटले. हिरामण सगळा वेळ एक बोट दह्याच्या वाटीत घालून बसला होता, आणि फोटोला वाटी काढली की बोट वर. साखरपुड्याच्या प्रत्येक फोटोत मागे हिरामण उभा आहे आणि अंपायरने फलंदाजाला घरी पाठवावं तसं त्याचं बोट वर आहे. भंगारवाल्याचा विषय कुणी काढला नाही. फक्त निघताना हिरामणने हळूच विचारलं की त्या ठशाचं ते काय केलं होतंत, नीट सांगा बघू एकदा. हैबतरावांनी सांगितलं, अगदी सविस्तर सांगितलं, दोनदा सांगितलं.

परत येताना गाडीत मागे सगळ्या पेंगत होत्या. रंभाबाई जाग्या होत्या. लग्नाला हॉल बघायचा होता, कपडे, आचारी, सगळं व्हायचं होतं, आणि या घरात असलं काही ठरवायचं तर आधी हिरामणभाऊजींना फोन जायचा, ही रीत. रंभाबाईंनी फोन हातात घेतला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग तो पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली.

"अहो," त्या म्हणाल्या, "हॉल तुम्हीच बघा. तुम्ही निवडाल तो चालेल मला."

हैबतरावांनी मान हलवली. खिंडीचा उतार होता, गिअर बदलायची काहीच गरज नव्हती, तरी त्यांनी बदलला.